आधी मागची बाजू दाखवा म्हणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पत्र उघडं लिहितोय आणि तुमचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. क्लबच्या डीजे बूथमागे वायरींच्या गुंत्यात पाठमोरे बसलेले दादा एवढं म्हटलं तरी ओळखणाऱ्यांना पुरतं. कोणी नवाकोरा कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं डीजेचं यंत्र) कौतुकानं पुढ्यात ठेवला, की तुम्ही त्याच्या रंगीत पॅडांकडे ढुंकूनही बघत नाही. यंत्र उचलता, उलटं फिरवता आणि मागची बाजू टॉर्चच्या उजेडात धरता. कुठली सॉकेटं आहेत, कुठली नाहीत, कुठलं बोटानं हलतंय. मग विचारता, "हे घरीच वाजवायचं, की इथंही आणायचं?"

या एका प्रश्नानं आमच्यापैकी कित्येकांची खरेदी सुधारली. आधी दिसायला भारी कंट्रोलर घ्यायचा, त्याच्यासोबत येईल ते सॉफ्टवेअर वापरायचं आणि दोन वर्षांनी क्लबच्या प्लेयरसमोर उभं राहून सगळे क्यू पॉइंट (गाण्यात उडी मारायच्या खुणा) नव्यानं लावायचे, हा नेहमीचा क्रम. तुम्ही तो उलटा केलात. ज्या बूथमध्ये वाजवायचं तिथं काय बसवलंय ते आधी बघा, त्याला कुठली लायब्ररी वाचता येते ते बघा, त्यावरून सॉफ्टवेअर ठरवा आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी. कंट्रोलर बदलता येतो, हजार गाण्यांवर हातानं लावलेल्या खुणा मात्र पुन्हा लावायचा कंटाळा येतो.

त्या हिशोबानं निवड फारशी अवघड उरत नाही. बहुतेक क्लबांत पायोनियर डीजेचे प्लेयर असतात (कंपनीचं नाव आता अल्फाथीटा). २००९ मध्ये सीडीजे-२००० आला आणि त्याच सुमारास त्याचं सॉफ्टवेअर रेकॉर्डबॉक्सही, म्हणजे घरी तयारी करायची आणि क्लबमध्ये फक्त पेन ड्राइव्ह घेऊन जायचं ही पद्धत. हाच रस्ता धरायचा असेल तर पहिल्या दिवसापासून लायब्ररी रेकॉर्डबॉक्समध्ये ठेवावी, मग घरी डीडीजे-एफएलएक्स४ सारखा दोन चॅनेलचा साधा कंट्रोलरही पुरतो. टर्नटेबल आणि स्क्रॅचिंगची ओढ असेल तर सेराटो. २००४ मध्ये रेन कंपनीसोबत त्यांचं स्क्रॅच लाइव्ह आलं तेव्हापासून त्या मंडळींचा हात त्यावरच बसलाय. स्वतःचा लॅपटॉप आणि कंट्रोलर सगळीकडे सोबत नेणार असाल तर ट्रॅक्टर. चार डेक आणि इफेक्ट यांच्याशी खेळायला ते अजूनही आम्हाला सगळ्यात मोकळं वाटतं. आणि लिनक्स वापरत असाल किंवा पैसे न घालता शिकायचं असेल तर मिक्स (Mixxx). ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि मॅकवरही चालतं, रेकॉर्डबॉक्सनं भरलेली पेन ड्राइव्ह वाचतं. पण त्या प्लेयरांसाठी पेन ड्राइव्ह तयार करून देत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता मागच्या बाजूविषयी. एफएलएक्स४ ला मास्टरसाठी (मुख्य आवाजासाठी) फक्त आरसीए सॉकेटं आहेत आणि बूथ आउटपुट (डीजेच्या शेजारच्या स्पीकरसाठीचं) नाही. घरच्या स्पीकरांना तेवढं पुरतं, कारण केबल दीड-दोन मीटरची असते. क्लबमध्ये मिक्सरपर्यंतचं अंतर वाढलं की आरसीएच्या अनबॅलन्स्ड वायरीत आजूबाजूच्या विजेची घरघर शिरायला लागते. एक्सएलआर या तीन पिनांच्या सॉकेटात तोच सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो आणि पलीकडच्या टोकाला दोन्हींतला फरक घेतला जातो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांत सारखीच शिरलेली घरघर वजा होते. म्हणून क्लबचा विचार असेल तर एक्सएलआर मास्टर आणि स्वतंत्र नॉब असलेलं बूथ आउटपुट ही दोन सॉकेटं आधी शोधायची. बूथ आउटपुट नसेल तर समोरच्या मोठ्या स्पीकरांचा आवाज भिंतीवर आपटून उशिरा कानावर येतो. ध्वनीला १० मीटर जायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात बीट जुळवणारा हात चुकतो.

तुमच्या मिक्सरच्या मागे तिसऱ्या चॅनेलवर एक पांढरी चिकटपट्टी आहे, मार्करनं 'लाइन' लिहिलेली. ती नुसती पट्टी नाही. कंट्रोलरची वायर फोनोच्या (टर्नटेबलसाठीच्या) सॉकेटात गेली की मिक्सर तिला सुईचा सिग्नल समजतो, जो काही मिलिव्होल्टचाच असतो. तो सुमारे ४० डेसिबलनं वाढवला जातो, वर खर्ज उचलून दिला जातो. मग कंट्रोलरचा धडधाकट लाइन सिग्नल फाटून बाहेर येतो. बिचारा डीजे गोंधळून लॅपटॉपमध्ये सेटिंग शोधत बसतो आणि चूक मागच्या बाजूला असते. टर्नटेबलचं नेमकं उलट. सुई लाइनवर लावली तर आवाज कुठं गेला म्हणून शोधावा लागतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र पेन ड्राइव्हच्या धड्याबद्दल. तिच्यापायी वाया गेलेल्या रात्री तुम्ही जवळून पाहिल्या आहेत, म्हणून तुमची तपासणी इतकी कडक.

पहिलं फॉरमॅट. एफएटी३२ सगळे प्लेयर वाचतात. एक्सएफएटी काही नवेच वाचतात, सीडीजे-२००० किंवा त्याचं एनएक्सएस२ रूप वाचत नाही, आणि एनटीएफएस तर विसरूनच जा. विंडोजची नेहमीची फॉरमॅट करायची खिडकी ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय देत नाही, म्हणून लोक निमूटपणे एक्सएफएटी निवडतात आणि घरच्या लॅपटॉपवर सगळं चालतंय म्हणून निर्धास्त राहतात. मॅकवर आणखी एक खाच आहे. डिस्क युटिलिटीत 'सर्व उपकरणं दाखवा' केल्याशिवाय स्कीम (डिस्कच्या विभागणीची पद्धत) निवडता येत नाही, आणि स्कीम मास्टर बूट रेकॉर्डच हवी. जीयूआयडी राहिली तर एफएटी३२ असूनही प्लेयर ड्राइव्ह ओळखेलच असं नाही.

दुसरं, फाइली. ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी घेतो आणि सीडीच्या दर्जाचं वेव्ह १०.६ एमबी. म्हणजे ३२ जीबीवर सहा-सहा मिनिटांची २,००० हून जास्त एमपी३ गाणी बसतात, वेव्ह मात्र जेमतेम ५००. फ्लॅक फाइल सीडीजे-२०००एनएक्सएस२ पासून पुढं चालते, मूळ सीडीजे-२००० वर नाही. क्लबमध्ये कुठलं मॉडेल आहे हे विचारायला लाज वाटत असेल तर एमपी३ किंवा एआयएफएफ न्या, दोन्ही सगळीकडे वाजतात. एआयएफएफमध्ये गाण्याचं नाव, कलाकार, कव्हर नीट टिकतं, वेव्हमध्ये ते बऱ्याचदा गळतं. शिवाय काही ऑडिओ एडिटर वेव्ह सेव्ह करताना हेडरमध्ये 'एक्सटेन्सिबल' प्रकार लिहितात. आतला आवाज अगदी साधा, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा. तरी प्लेयर पडद्यावर ई-८३०५ दाखवून गाणं नाकारतो. फाइल खराब नाही, फक्त तिच्यावरची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. ती पुन्हा साध्या १६ बिट पीसीएम वेव्हमध्ये किंवा एआयएफएफमध्ये बदलली की प्रश्न मिटतो.

तिसरं, खुणा. मूळ सीडीजे-२००० वर हॉट क्यूची (दाबताच त्या खुणेवरून गाणं सुरू करणारी) बटणं तीनच, ए, बी, सी. एनएक्सएस२ आणि सीडीजे-३००० वर आठ हॉट क्यू ठेवता येतात. घरच्या कंट्रोलरच्या आठ पॅडांवर ड्रॉप (गाण्याचा जोर सुरू होतो ती जागा) 'जी'वर ठेवायची सवय लागली, की जुन्या प्लेयरवर हात हवेत राहतो. तुमचा नियम आम्ही जसाच्या तसा उचललाय: ए वर पहिला बीट, बी वर ड्रॉप, सी वर बाहेर पडायची जागा, बाकीची पाच हौसेसाठी. मेमरी क्यू वेगळे लावायचे, एका गाण्याला दहापर्यंत. आणि ॲनालिसिस पूर्ण होऊ दिल्याशिवाय एक्सपोर्ट करायचं नाही, नाहीतर जुन्या प्लेयरवर बीटग्रिड (ठोक्यांची आखणी) नाही, म्हणून क्वांटाइझ (खुणा ठोक्यावर आपोआप बसणं) नाही आणि सिंकही (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळणं) नाही.

चौथं तुम्ही नेहमी दोन बोटं वर करून सांगता, म्हणून लांबवत नाही: सारख्याच भरलेल्या दोन ड्राइव्ह. काढताना प्लेयरचं यूएसबी स्टॉप बटण दाबून धरायचं, दिवा विझला की मगच हात लावायचा. लॅनच्या वायरीनं जोडलेले असताना एकाच ड्राइव्हवरून दोन्ही प्लेयर वाजत असतात हे विसरून कोणी आपली ड्राइव्ह उपसली, की पुढच्या डीजेचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांसाठी तुमचा २६ मिलिसेकंदांचा किस्सा आता आम्ही इतरांना सांगतो. एमपी३ मध्ये आवाज १,१५२ सॅम्पलच्या चौकटींत बांधलेला असतो. ४४,१०० नं भागलं की एक चौकट २६ मिलिसेकंदांची निघते. फाइलच्या सुरुवातीची माहितीची चौकट एका सॉफ्टवेअरनं आवाजात धरली आणि दुसऱ्यानं सोडली, की सगळे क्यू आणि बीटग्रिड तेवढ्यानं सरकतात. १२८ बीपीएमला एक बीट ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे चूक अठराव्या हिश्शाची. पडद्यावर ती दिसतही नाही. पण दोन किक एकमेकांवर ठेवल्या की एका ठोक्याऐवजी 'धडड' असं जोडठोक्यासारखं वाजतं. ट्रॅक्टरमधून रेकॉर्डबॉक्समध्ये लायब्ररी आणली की आधी दहा एमपी३ हेडफोनमध्ये मेट्रोनोमसोबत ऐकायचे, मगच बाकीची आणायची. सगळ्याच फाइली सरकत नाहीत, म्हणून सरसकट २६ नं मागं ढकलणं हाही उपाय नव्हे. वेव्ह आणि एआयएफएफला हा त्रास नाही.

लेटन्सीबद्दल (हात हलल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दल) सगळे फार बोलतात, तुम्ही कमी बोलता. ते बरोबरही आहे. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. स्क्रॅच करणाऱ्याला पहिला हवा, मिक्स करणाऱ्याला दुसरा चालतो. तडतड आली की बफर वाढवण्याआधी वायफाय बंद करा, विंडोजची यूएसबी झोपवायची सेटिंग काढा आणि कंट्रोलर बिनचार्जरच्या हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. साधं यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, त्यावर कंट्रोलर आणि हार्ड डिस्क दोन्ही पोसली जात नाहीत.

टाइमकोड (लॅपटॉपमधलं गाणं टर्नटेबलवरून चालवायची खास तबकडी) वापरणाऱ्यांना तुम्ही दिलेली चाचणी एका मिनिटाची आहे. सेराटोच्या कॅलिब्रेशन पडद्यावर हिरवं वर्तुळ गोल दिसलं पाहिजे. चपटं दिसलं तर डाव्या-उजव्याची पातळी सारखी नाही. नुसती रेघ दिसली तर एक चॅनेल मेलाय. आधी कार्ट्रिजचे चार रंगीत टोक बघा, मग वायर. गाणं उलटं वाजत असेल तर डावी-उजवी वायर अदलाबदल झालीय. आणि घरघर असेल तर टर्नटेबलची अर्थची बारीक वायर मिक्सरच्या स्क्रूला बसलीय का ते आधी बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर थांबली तर तो ग्राउंड लूप. त्यावर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. प्लगची अर्थची पिन तोडणाऱ्यावर तुम्ही जसे ओरडता तसं आम्हीही ओरडायला लागलोय.

एक तक्रारही, रागावू नका. स्टेम्सवर तुम्ही उगाच नाराज आहात. घरी गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढून सराव केला तर कान तयार होतो. मात्र लॅपटॉपवर जमलेली ती करामत पेन ड्राइव्हवरून सीडीजेवर होत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. वेगळा केलेला आवाज हवाच असेल तर घरी फाइल म्हणून सेव्ह करून न्यावा.

पातळीबद्दल तुम्ही सांगितलेलं फळ्यावर लिहिलंय: ट्रिमनं (चॅनेलची पातळी ठरवणाऱ्या नॉबनं) चॅनेलचा मीटर हिरव्यात ठेवायचा, ठोक्याला पिवळा चाटला तर चालेल, लाल कधीच नाही. लाल गेलं की क्लबचा लिमिटर (जास्तीचा आवाज आपोआप दाबणारं यंत्र) ठोका दाबतो, डीजेला आवाज कमी वाटतो, तो आणखी वाढवतो आणि लिमिटर आणखी दाबतो.

तिसऱ्या चॅनेलवरच्या पट्टीची कड सुटत आलीय. नवी लावाल तेव्हा मार्कर जरा जाड घ्या, बूथच्या अंधारात 'लाइन' वाचायला वाकावं लागतं.

तुमचे,
पेन ड्राइव्ह दोन-दोन बाळगणारे सगळे