ड्रॅगनचा खुराक कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञानकथा छापून आल्या की वाचकांच्या पत्रांत एक जुना वाद डोकं वर काढतो. एक बाजू म्हणते, कथेतलं विज्ञान चुकलंय. दुसरी म्हणते, कथाच ती, कल्पनेला लगाम कशाला? आमच्या मते दोन्ही बाजूंचा नेम चुकतो. कथेत अशक्य गोष्ट असायलाच हवी, नाहीतर विज्ञानकथा लिहायची कशाला? गफलत होते ती पुढच्या पायरीवर. लेखक एक अशक्य गोष्ट वाचकाकडून मान्य करून घेतो आणि तिचा खर्च मात्र कुणाच्याच खात्यावर टाकत नाही. ऊर्जा आली कुठून, उष्णता गेली कुठे, प्राणी खातो काय, हे प्रश्न उभे राहिले की 'क्वांटम' नाहीतर 'नॅनो' म्हणून वेळ मारून नेली जाते.

एका कथेला एक थाप माफ, असा साधा नियम धरावा. ती थाप पहिल्या काही पानांत उघडपणे मारावी आणि बाकीचं जग नियमाने चालू द्यावं. हे करायचं कसं, ते सगळ्यांच्या ओळखीच्या ड्रॅगनवरच दाखवतो.

सुरुवात वजनापासून करावी. प्राण्याची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर वजन ८ पट होतं, पण हाडांच्या आणि स्नायूंच्या छेदाचं क्षेत्रफळ ४ पटच वाढतं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. गॅलिलिओने १६३८ साली हे लिहून ठेवलं, तरीही माणूस दहापट मोठा करून त्याला पळवणाऱ्या कथा येतच असतात. अशा राक्षसाच्या मांडीच्या हाडावर आपल्या दसपट ताण येईल आणि पहिल्याच उडीत ते मोडेल. मोठा प्राणी हवा असेल तर पाय जाड आणि खांबासारखे सरळ लागतात, आणि त्याला उड्या मारता येत नाहीत.

आता उड्डाण. ५०० किलोचा ड्रॅगन घेऊ. तो सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने उडतो. पृथ्वीवरच्या हवेत एवढं वजन तोलायला त्याला साधारण १७ चौरस मीटर पंख लागतील. पंख लांबट धरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १२ मीटर. हे अगदीच हास्यास्पद नाही. क्वेट्झालकोॲटलस हा टेरोसॉर (डायनासोरच्या काळातला उडणारा सरीसृप) जीवाश्मांवरून १० ते ११ मीटर पंखविस्ताराचा होता आणि त्याचं वजन २०० ते २५० किलो असावं असा अंदाज आहे. ताकदीचं पाहू. हवेचा रोध वजनाच्या दहाव्या भागाइतका धरला तर सतत उडायला साधारण १० किलोवॅट लागतात. उडण्याचा एक किलो स्नायू दीर्घकाळ १०० वॅटच्या आसपास देऊ शकतो असं धरलं तर १०० किलो स्नायू झाले, आणि पंख हलवण्यात वाया जाणारी शक्ती मिळवली तर १२० किलोच्या वर. शरीराचा चौथा हिस्सा निव्वळ उडण्याच्या स्नायूंचा. पक्ष्यांमध्येही हे प्रमाण क्वचितच याच्या वर जातं. म्हणजे आपला ड्रॅगन जेमतेम हवेत राहतो. त्याच्या पाठीवर चिलखत घातलेला स्वार बसवला की हिशेब कोलमडला.

त्यात लेखक म्हणतो, माझा ड्रॅगन याच्या दुप्पट लांब आहे. मग वजन ४,००० किलो, पंखांचं क्षेत्रफळ फक्त चौपट, म्हणून हवेत राहायला वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे न्यावा लागतो. लागणारी शक्ती ११ पट होते आणि स्नायू मात्र ८ पटच वाढलेले असतात. शिवाय पंख मोठे म्हणून फडफड संथ, आणि फडफड संथ म्हणून प्रत्येक किलो स्नायूमागे मिळणारी शक्ती आणखी कमी. इथे थोडी सूट द्या म्हणून भागत नाही, कारण तूट आकाराबरोबर वाढत जाते.

यातून वाट काढायची तर प्राण्याऐवजी जग बदलावं. शनीच्या टायटन या उपग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या भागाइतकं आहे आणि हवा चौपटीहून जास्त दाट. तिथे त्याच वेगाने तेच वस्तुमान तोलायला पंख तीसेक पट लहान चालतात. टायटनवर उणे १८० अंशांच्या आसपास गारठा असतो, पण कल्पित ग्रहावर तुम्हाला हवं ते तापमान ठेवता येतं. मात्र दाट हवा फक्त ड्रॅगनपुरती दाट नसते. तिथे पाऊस हळू पडेल, साधा वारा माणसाला लोळवेल, बाण फार लांब जाणार नाहीत. कथेतल्या धनुर्धराला हे ठाऊक असायला हवं. आणखी एक गोष्ट चित्रकारही विसरतात: पाठीचा कणा असलेल्या जमिनीवरच्या प्राण्यांना चारच अवयव असतात, पक्षी आणि वटवाघळांचे पंख म्हणजे त्यांचे पुढचे हातच. चार पाय आणि वर दोन पंख हवे असतील तर त्या ग्रहावरचे घोडे, सरडे, बेडूक सगळे सहा अवयवांचे दाखवा.

आग हा तर खास मजेचा भाग. पोटात मिथेन साठवतो, ही नेहमीची पळवाट. वातावरणाच्या दाबाला एक घनमीटर मिथेनमध्ये सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा असते, साधारण लिटरभर पेट्रोलइतकी. गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते, म्हणजे गायीएवढ्या प्राण्याला हे जमवायला दोन ते चार दिवस लागतील. आणि ५०० किलोच्या प्राण्याचं सगळं शरीर मिळून अर्धा घनमीटर भरतं, म्हणजे ही पिशवी त्याच्या अंगाच्या दुप्पट! वायू सोडून द्यावा आणि तेलकट द्रव घ्यावा. झाडं टर्पीनसारखी ज्वलनशील तेलं बनवतातच, मग एखादी ग्रंथी लिटरभर तेल साठवते हे पटायला अवघड नाही.

ते पेटणार कसं? इथे बहुतेक जण विद्युत ईलचं उदाहरण देतात. या माशाचा नोंदवला गेलेला सर्वांत मोठा झटका ८६० व्होल्टचा आहे, आकडा भारी वाटतो. पण साध्या हवेत एवढ्या व्होल्टेजची ठिणगी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं अंतर ओलांडते. इंधनाची वाफ पेटवायला दोन टोकांत दोनेक मिलिमीटर अंतर लागतं. त्याहून कमी ठेवलं तर टोकंच ज्योतीची उष्णता शोषून घेतात आणि ती जन्मतःच विझते. दोन मिलिमीटरसाठी सात-आठ हजार व्होल्ट हवेत. एवढं व्होल्टेज लाळेने ओल्या तोंडात टिकत नाही, ठिणगी पडण्याआधीच प्रवाह ओलाव्यातून वाहून जातो. त्यापेक्षा हवा लागताच आपोआप पेटणारं रसायन बरं. डायफॉस्फेन तसं आहे. ते विषारी आहे, त्यामुळे वेगळ्या, हवाबंद ग्रंथीत ठेवावं लागेल आणि तेलाच्या धारेत तोंडाबाहेर पडतानाच मिसळावं लागेल. दोन रसायनं वेगळी साठवून ऐनवेळी एकत्र करण्याची युक्ती निसर्गात आहे: बॉम्बार्डियर भुंगेरा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच पिशवीत, पण एन्झाइमपासून वेगळे ठेवतो, ऐनवेळी टणक भिंतीच्या कप्प्यात एन्झाइमशी त्यांची गाठ घालून देतो आणि जवळजवळ १०० अंशांचा फवारा सेकंदाला ५००च्या आसपास झटक्यांत सोडतो. फुंकर संपल्यावर जिभेवर राहिलेले थेंब जळत राहतील, म्हणून आपला ड्रॅगन प्रत्येक वेळी तोंड मिटून भरपूर लाळ गाळेल आणि थुंकेल. हे थुंकणं कथेत आलं की वाचकाला रसायनशास्त्राचा परिच्छेद देण्याची गरज उरत नाही. आणि नायकाला हल्ल्याची वेळही कळते.

राहिला खुराक. ५०० किलोच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याला निवांत पडून राहायलाच ३६० वॅट लागतात. हिंडून-फिरून तिप्पट धरले तर दिवसाला १५ किलोच्या आसपास मांस. सरड्यासारखं थंड रक्त दिलं तर भूक दहाव्या हिश्श्यावर येते, पण मग सतत उडण्याचं नाव काढायचं नाही. शिवाय एकटा ड्रॅगन हजारो वर्षं गुहेत राहतो हे चालणार नाही, त्याला आईबाप होतेच. जवळच्या नात्यातल्या संकराचे तोटे टाळायला संवर्धनशास्त्रात अल्पकाळासाठी ५० प्रजननक्षम प्राण्यांचा ढोबळ आकडा धरतात. मांसभक्षकांच्या अभ्यासांतून दिसणारं प्रमाण असं की ९० किलो शिकाऱ्यामागे १०,००० किलो भक्ष्य रानात असावं लागतं. ५० ड्रॅगनांचं हे गणित २०० किलोच्या सुमारे १४,००० जनावरांवर जातं. एवढे कळप जिथे चरतात तिथे शेती कशी होते, गुराखी कसे राहतात, हे लिहिलं की कथेचा मुलूख आपोआप उभा राहतो.

महाकाय किड्यांबद्दल थोडक्यात: सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा या चतुरासारख्या कीटकाचा पंखविस्तार ७० सेंटिमीटरच्या आसपास होता आणि तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा जास्त असावा असं मानतात. घराएवढी मुंगी कात टाकताना स्वतःच्याच वजनाखाली सपाट होईल. अदृश्य माणसाचं तर विचारूच नका, ज्याच्या डोळ्याचा पडदा प्रकाश अडवत नाही तो ठार आंधळा असणार.

यंत्रांच्या बाबतीत लेखक इंजिनावर पानं खर्च करतात आणि उष्णता विसरतात. अवकाशात वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे गरम झालेलं यान फक्त प्रारणानेच, म्हणजे उष्णतेचे किरण बाहेर टाकूनच, थंड होतं. खोलीच्या तापमानाचा पृष्ठभाग एका चौरस मीटरमधून ४६० वॅट बाहेर टाकतो, तर सुमारे ७३० अंशांना तापलेला ५७ किलोवॅट. दहा मेगावॅट नको असलेली उष्णता फेकायला पहिल्या प्रकारात २१,००० चौरस मीटरहून जास्त रेडिएटर लागतो, दुसऱ्यात १८० पुरे. म्हणून यानाला लालबुंद तापलेले रेडिएटर हवेत, आणि लढाईत शत्रू आधी तेच फोडणार. यान लपवायचं तर उष्णता आत कोंडावी लागेल. ती बर्फ वितळवण्यात जिरवली तर तासाला १०० टनांहून जास्त बर्फ संपतो. कप्तानाकडे लपायला किती वेळ आहे, ते टाकीतल्या बर्फावर ठरेल. यापेक्षा चांगला ताण कुठल्याही खलनायकाने आणला नसता.

कृत्रिम गुरुत्वाकर्षणासाठी यान फिरवणं हा खरा उपाय आहे, पण त्रिज्या जपून निवडावी. मिनिटाला दोन फेऱ्यांच्या आत राहिलं तर बहुतेकांना भोवळ येत नाही आणि तेवढ्या वेगात पृथ्वीइतकं वजन हवं तर त्रिज्या २२४ मीटर लागते. तिथे दीड मीटरवरून सोडलेला चेंडू सरळ खालच्या जागेपासून सुमारे १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे फिरण्याच्या उलट दिशेला पडतो. त्रिज्या १० मीटर ठेवली तर मिनिटाला साडेनऊ फेऱ्या होतात, चेंडू ६५ सेंटिमीटर मागे पडतो आणि उभ्या माणसाच्या डोक्याला पायापेक्षा १८ टक्के कमी वजन जाणवतं. अशा यानात जन्मलेलं मूल पृथ्वीवर आल्यावर प्याल्यात पाणी ओतताना सगळं बाहेर सांडेल. हे एक वाक्य पुरतं, सूत्र द्यायचं कारण नाही.

वेगाच्या बाबतीत एकच आकडा लक्षात ठेवावा: प्रकाशाच्या दहाव्या भागाइतक्या वेगाने जाणाऱ्या एक किलो वस्तूत १०० किलोटन टीएनटीइतकी ऊर्जा असते. असं इंजिन ज्याच्या हाती आहे त्याला वेगळं अस्त्र लागत नाही. तेव्हा त्या जगात कुणी खाजगी यान उडवतंय आणि सरकार गप्प बसलंय, हे पटवून द्यावं लागेल.

एवढं गणित करून ते सगळं कथेत ओतणं ही उलट बाजूची चूक आहे, आणि हिशेब नीट करणारे लेखक नेमके तिच्यातच सापडतात. शोधकर्ता पाहुण्याला यंत्र समजावून सांगतो तो प्रवेश सरळ कापावा. रोज ते यंत्र चालवणारा माणूस तत्त्व सांगत नाही, गळणाऱ्या झडपेबद्दल कुरकुर करतो. आणि जिथे थाप आहे तिथे आकडा देऊच नये, आकडा दिला की वाचक भागाकार करून पाहतो.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच की कथा मागवताना लेखकाकडून सोबत एक पान मागावं. त्यावर कथेतली थाप एका वाक्यात लिहिलेली असावी. खाली मुख्य प्राण्याचं किंवा यंत्राचं वजन, त्याला लागणारी शक्ती, ती येते कुठून, वाया जाणारी उष्णता जाते कुठे आणि त्यामुळे त्या जगातल्या साध्या माणसाचं कोणतं काम बदललं, एवढं असावं. हे पान छापू नये, निवड करणाऱ्यांसमोर असलं म्हणजे झालं. आकडा चुकला म्हणून कथा नाकारूही नये. ती लेखकाकडे परत पाठवावी, दुरुस्ती बहुतेक वेळा एका परिच्छेदात होते.

आपले,
विज्ञानकथांचे काही वाचक