तक्रार देतेस, तर अशी दे

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आधी विभागप्रमुखांना सांगून बघते." त्यांच्यापासून सुरुवात करू नकोस. मार्गदर्शकाने केलेल्या लैंगिक छळाची तक्रार विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2015 च्या विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना त्या समितीवर बसताच येत नाही, आणि ते योग्यच आहे. विभाग सांभाळणारा माणूस आधी विभागाचं नाव जपतो. "दोघं बसून मिटवून टाका" असं म्हणत म्हणत आठवडे निघून जातात आणि मुदत काही थांबत नाही.

तक्रार द्यायची मुदत तीन महिन्यांची. प्रसंग अनेक असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायची. सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या प्रकरणात छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल 2023 मधला धरला गेला आणि तक्रार डिसेंबरमध्ये दाखल झालेली होती. तक्रारदारावर नंतर झालेली प्रशासकीय कारवाई हा छळाचाच पुढचा भाग आहे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये मान्य केलं नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. म्हणून प्रबंध जमा होईपर्यंत थांबायचा तुझा विचार मला मुळीच पटत नाही.

आता तक्रारीचा मजकूर. "सरांनी माझ्याशी गैरवर्तन केलं" एवढ्याने चौकशी पुढे सरकत नाही. असं लिही: "अमुक तारीख, मंगळवार, संध्याकाळी साधारण सहा ते सातच्या दरम्यान, सरांची केबिन. तिसऱ्या प्रकरणाच्या दुरुस्त्या दाखवताना त्यांनी उठून दार लावलं, माझ्या खुर्चीमागे येऊन खांद्यावर हात ठेवला. मी खुर्ची पुढे ओढली." ते जे बोलले ते शब्द जसेच्या तसे लिही, लिहिताना कितीही शरम वाटली तरी. बाहेर कोण होतं, त्या रात्री तू कुणाला सांगितलंस, तेही येऊ दे. वेळ नक्की आठवत नसेल तर ओढूनताणून सहा वाजून दहा मिनिटं लिहू नकोस. पुढे प्रश्नोत्तरांत नेमकं तेच पकडलं जातं. एका प्रसंगाला एक परिच्छेद, तारखांच्या क्रमाने.

व्हॉट्सॲपवरचं काहीही पुसू नकोस. "हो सर", "थँक यू सर" ही तुझी उत्तरंही राहू देत. ज्याच्या हातात पदवी आहे त्याच्याशी मुली नम्रपणेच बोलतात, हे समितीला कळतं. ती उत्तरं तू गाळली आणि सरांनी समोर ठेवली, तर मात्र संशय तुझ्यावर येईल. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ई-मेलवर पाठव, विद्यापीठाच्या नव्हे. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. हा फोन तूर्त बदलू नकोस.

तक्रारीच्या सहा प्रती काढ. सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोड. पाकीट बंद करून त्यावर "गोपनीय" लिही आणि समितीच्या अध्यक्षांच्या हाती दे. आवक-जावकच्या खिडकीत उघडा कागद दिलास तर दुपारपर्यंत सगळ्या इमारतीला कळेल. पोच मात्र हवीच. वेगळ्या कागदावर फक्त "गोपनीय तक्रार, एकूण पाने इतकी" असं लिहून त्यावर तारीख, सही, शिक्का घे.

तात्पुरत्या संरक्षणाची मागणी त्याच तक्रारीत, शेवटी, स्पष्ट शब्दांत कर. पुष्कळ मुली ती करत नाहीत आणि मग चौकशी चालू असतानाच प्रगती अहवालावर त्याच माणसाची सही घ्यायची वेळ येते. तुझ्या कामाचं मूल्यमापन त्यांच्याकडून काढून घ्यावं, त्यांना अंतर राखण्याची ताकीद द्यावी, गरज पडल्यास तीन महिन्यांपर्यंत रजा मिळावी, या शिफारशी समिती करू शकते. मार्गदर्शक बदलून हवा असेल तर तेही लिही, आणि फेलोशिपच्या कागदांवर तोवर कोण सही करणार, हे लेखी ठरवून घे.

तक्रारीची प्रत सात दिवसांत सरांना जाते, त्यांनी दहा दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. विद्यार्थ्यांचा संबंध असला की समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतात, बाहेरची एक सदस्यही असते. जबाबाचं प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही करू नकोस. समेट तू स्वतः मागितलास तरच होतो, आणि पैशाच्या बोलीवर तर कधीच नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, तेव्हा "खोटी तक्रार केलीस म्हणून तुझ्यावरच कारवाई होईल" असल्या धमकीला भिऊ नकोस. निकाल पटला नाही तर अपिलाला तीस दिवस असतात. पोलिसांचा रस्ता या सगळ्यात खुलाच राहतो. गुन्हा कुठल्याही ठाण्यात, घटना त्या हद्दीतली नसली तरी, शून्य क्रमांकाने नोंदवता येतो.

ते नव्वद दिवस जड जातील, बाळा. प्रयोगशाळेतली काही माणसं बोलायची थांबतील. कुणी टोमणा मारला, तुझं टेबल हलवलं, बैठकीचा मेल तुला पाठवला नाही, तर त्याच दिवशी तारखेसह दोन ओळींचा मेल समितीला कर. सूडापासून तक्रारदाराला वाचवणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे, पण त्यांना लेखी कळल्याशिवाय ते हलत नाहीत. झोप उडाली, जेवण जाईना, तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. समुपदेशकाकडे जाणं तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल असं मैत्रीण म्हणाली ना, तिचं ऐकू नकोस. वकिलाचा सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक 15100.

बाबांना मी सांगितलं आहे, तुला विचारूनच. ते चिडले आहेत, पण विद्यापीठात येऊन कुणाशी भांडणार नाहीत. तुझ्या खोलीचं भाडं आणि खर्च फेलोशिप अडकली तरी आम्ही बघू. रविवारपर्यंत मसुदा लिहून काढ आणि फोनवर मला वाचून दाखव. एखादं वाक्य मोठ्याने वाचवलं नाही तर तेवढं सोडून पुढे जा, ते मी नंतर वाचीन.

तुझी,
आई