गुलमर्गच्या आमच्या स्की शिकवणाऱ्या उस्तादांना, कोल्हापूरकडून

उस्ताद, सलाम.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहितीय, पण आमच्या हिंदीची चव तुम्ही चार दिवस घेतलीय, त्यामुळं मराठीतच लिहितो आणि फोनवर वाचून दाखवतो. शिवाय हे आमच्या गावच्या लोकांनी पण वाचायला पाहिजे, कारण परत आल्यापासून रंकाळ्यावर जो भेटतोय तो एकच विचारतोय, "काय भावा, बर्फ नव्हता म्हणं?"

नव्हता. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गला बर्फ नव्हता हे आता अख्ख्या देशाला माहितीय, तपकिरी गवताचे फोटो सगळ्या पेपरात आले. पण ते फोटो यायच्या आधी आम्हाला तुम्ही सांगितलंवतं. आमच्या टूरवाल्यानं (नाव घेत नाही, गावातलाच आहे) "फुल्ल स्नो, टेन्शन नको" म्हणून जे व्हिडिओ पाठवले ते कुठल्या सालातले होते देव जाणे. आणि तुम्ही, ज्यांचा महिनाभर धंदा बसलेला, स्वतःहून फोन करून म्हणालात, "जनाब, इस बार मत आइए, ॲडवान्स वापस भेजता हूँ." मी तवा तुमच्यावरच संशय घेतला, म्हटलं दुसरी मोठी पार्टी मिळाली असणार. त्याची माफी आधी मागतो, मग पुढचं.

तिकिटं रद्द करून पैसे परत मिळणार नव्हते, 26 जानेवारीची सुट्टी जोडून नऊ जणांच्या रजा मंजूर झालेल्या, महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि आलोच.

पहिल्या दिवशी टॅक्सीतनं उतरलो तर समोर गवत, त्यात घोडी चरत होती. आमचे मेव्हणे म्हणाले, "ह्यापेक्षा आपलं मसाई पठार काय वाईट होतं?" सगळ्यांची तोंडं पडली. दुसरा कोण असता तर घोडा, फोटो, शाल असं फिरवून पैसे केले असते. तुम्ही आम्हाला हॉटेलच्या मागच्या गवतावर नेलं आणि स्कीचे बूट घालायला लावले. बर्फाशिवाय! लोकं बघून हसत होती. त्यात मी थंडीच्या भीतीनं तीन-तीन मोजे चढवलेले, तुम्ही काय न बोलता खाली बसून माझा बूट काढला, दोन मोजे ओढून काढले आणि एकच ठेवला. म्हणालात, जास्त मोजे घातले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही, मग पाय जास्त गार पडतात. पन्नाशीच्या माणसाचे मोजे असे कोणी काढले नव्हते ओ, आईनंतर तुम्हीच.

मग पडायला शिकवलं. अख्खी दुपार. मागं पडायचं नाही, बाजूला कुल्ल्यावर पडायचं, आणि काठीच्या पट्ट्यात हात अडकवून ठेवायचा नाही, नाहीतर पडताना अंगठा मुरगळतो. आमच्यातला एकजण लहानपणी तालमीत जायचा, तो म्हणाला हे तर वस्तादांनी मातीत शिकवलेलंच आहे, तवापासून तुमचं 'उस्ताद' हे नाव पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं, गोंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार) बंद. तुम्ही द्रुंगला नेलंत, तो धबधबा उभा गोठलेला. मला आधी काय डोक्यातच शिरेना, म्हटलं इथं एवढी थंडी आहे मग बर्फ का नाही? तुम्ही कांगडी, म्हणजे ती निखाऱ्यांची शेगडी, पोटाशी फेरनमध्ये (तुमच्या त्या ढगळ झग्यात) धरून नीट समजावलंत की थंडी तर आहेच, चिल्लई कलानचे, कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस आहेत, पण नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही, भूमध्य समुद्राकडनं ढग यावे लागतात आणि ह्या वर्षी ते आलेच नाहीत. आणि मग जे म्हणालात ते माझ्या डोक्यातनं जात नाही. टुरिस्ट आज नाही तर उद्या येतील, पण डोंगरावर बर्फ साठला नाही तर उन्हाळ्यात ओढ्याला पाणी कुठनं, भाताला काय, सफरचंदाला काय. अहो, आम्ही जूनमध्ये असंच करतो. मृग कोरडा गेला की सगळं कोल्हापूर राधानगरीकडं डोळे लावून बसतं आणि जुलैत त्याच धरणाचे सातही दरवाजे आपोआप उघडले की पंचगंगेच्या भीतीनं झोप उडते. तेवढं एक आपलं सारखं निघालं.

तिसऱ्या दिवशी खरी मजा. गोंडोलानं कोंगदूरीला, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, तिथनं सामान खांद्यावर टाकून चालत, झाडीच्या सावलीत एक पट्टा होता, आमच्या गल्लीएवढा रुंद असेल नसेल. तुम्ही मुद्दाम जुन्या घासलेल्या स्की आणलेल्या, कारण खाली दगड लागणार. सकाळी बर्फ नुसता काचेसारखा, तुम्ही उभंच राहू दिलं नाही, म्हणालात थांबा. अकरा-साडेअकराला ऊन लागलं, वरचा थर जरा मऊ झाला, तवा सोडलं. लिफ्ट नाही, आडवं एकेक पाऊल टाकत वर चढायचं आणि टाचा बाहेर ढकलून पुढची टोकं जवळ आणत, तुमच्या भाषेत पिझ्झा करत, खाली यायचं. वीस मिनिटं चढण, दहा सेकंद घसरण. पण ती दहा सेकंदं! मेव्हणे दोनदा पडले, दोन्ही वेळा बाजूला पडले आणि उठून तुमच्याकडं बघितलं, बरोबर पडलो का म्हणून. तीनला ऊन डोंगराआड गेलं तसा तो पट्टा परत दगड झाला आणि तुम्ही, "बस, अभी किसी का घुटना जाएगा." आम्ही "एक लास्ट, एक लास्ट" करत होतो, तुम्ही ऐकलं नाहीत. नऊच्या नऊ जण आपापल्या गुडघ्यांवर घरी आलो.

आणि शेवटची रात्र. पहाटे पाचला तुम्ही दार वाजवलं, बाहेर बघतो तर पडायला लागलेला! पोरासारखे नाचलो. आणि तुम्ही म्हणताय सामान भरा, चेनवाली गाडी सांगितलीय, उजाडलं की टंगमर्गच्या उतारावर गाड्या अडकणार, तुमचं विमान जाईल. खरं सांगतो, त्या क्षणाला तुमचा लई राग आला. तेरा किलोमीटर उतरताना कोण कोणाशी बोललं नाही. टंगमर्गला पोचलो तवा मागं गाड्या आडव्या व्हायला लागल्याचे फोन ड्रायव्हरला येत होते, मग गप्प बसलो.

हिशोब करताना तुम्ही दोनच दिवसांचे पैसे घेतलेत. गवतावरचा दिवस "वो तो मज़ाक था" म्हणून धरलाच नाहीत. तो आमच्यासाठी सगळ्यात कामाचा दिवस होता, म्हणून त्याचे पैसे पाठवलेत, परत पाठवू नका.

फेब्रुवारीत तुमच्याकडं खेलो इंडियाचे हिवाळी खेळ झाले तेव्हा टीव्हीवर पांढराशुभ्र उतार बघितला. सगळे एकत्र बसून बघितला, आणि कोण पडलं की मेव्हणे ओरडायचे, "बाजूला! बाजूला!"

पार्सल टाकलंय. कोल्हापुरी चप्पल आठ नंबर, तेल लावून वापरा, बर्फात अजिबात नको. आणि घरची चटणी एक किलो, बेतानं घाला, तुमच्या त्या मटणाच्या हरिसात तर चिमटीनंच. पुढच्या वर्षी परत येतोय, पण ह्या खेपेला तुमचा फोन आल्याशिवाय तिकीट काढत नाही.

तुमचा,
तीन मोजेवाला