शेवटच्या पानावरची नावं

तीर्थस्वरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलले असते, पण बाबा दोन मिनिटांत "बरं, घे आईशी बोल" म्हणतात आणि मग आम्ही दोघी आमटी-भाजीवर येतो. म्हणून लिहितेय. जेवणं आणि बाबांच्या गोळ्या झाल्यावर सावकाश वाचा.

मागच्या महिन्यात मी इथलं, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. डेट्रॉइटच्या कोर्टात शपथ झाली, हिरवं कार्ड त्यांनी तिथंच काढून घेतलं. दादाला माहीत होतं, पण मीच त्याला गप्प बसवलं होतं, त्याच्यावर रागावू नका. बाबांची अँजिओप्लास्टी नुकती झालेली, तेव्हा सांगायचा धीर झाला नाही.

बाबा, तुमच्या मनात पहिल्यांदा काय येईल ते मला ठाऊक आहे. ओसीआय कार्डाचा अर्ज केलाय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. ते आलं की व्हिसा लागत नाही, हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं. मळ्याचंही विचारून घेतलं. नवी शेती विकत घेता येत नाही, पण घरातली शेती नावावर येण्यात अडचण नाही. आणि तो विषय निघायला अजून पंचवीस वर्षं आहेत. माझी खोली, माझी गादी, सगळं जिथल्या तिथं राहू दे.

पैशासाठी नाही केलं हे. निखिलच्या नोकरीसाठीही नाही.

आई, तू विचारलं होतंस, अर्णव ते दिवे लागणारे बूट का घालत नाही. मी "लहान झाले" म्हणाले. खोटं होतं ते. बूट अजून त्याच्या पायात बसतात, देवळात जाताना घालतोही. शाळेत घालत नाही. शाळेत मुलांकडून सराव करून घेतात. बंदूक घेऊन कुणी शिरलंच तर दार लावायचं, दिवे मालवायचे, भिंतीला टेकून बसायचं, खोकायचंसुद्धा नाही. एकदा घरी येऊन तो म्हणाला, "आजोबांचे बूट नकोत, अंधारात दिसतात." बाबा, तुम्ही दुखऱ्या गुडघ्यावर बसून ते बूट त्याच्या पायात चढवले होते. मला नाही सांगवलं.

आमच्या ट्रॉयपासून पाऊण तासाच्या आत ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. ३० नोव्हेंबर २०२१ ला तिथल्या हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या मुलानं चार मुलांचा जीव घेतला. पिस्तूल त्याच्या बापानं चारच दिवस आधी विकत घेतलं होतं आणि घरात ते कुलपात नव्हतं. पुढे २०२४ मध्ये आईबापांनाही शिक्षा झाली, पण ती मुलं गेली ती गेलीच. त्या रात्री तुम्ही फोन केलात तेव्हा मी "इथं सगळं ठीक" म्हणाले आणि फोन ठेवून अर्णवच्या पायथ्याशी बसून राहिले.

नंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ईस्ट लान्सिंगच्या विद्यापीठात तीन विद्यार्थी मारले गेले. त्या महिन्यात मी 'मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन'च्या, म्हणजे बंदुकांसाठी कडक कायदे मागणाऱ्या आयांच्या संघटनेच्या, बायकांत जायला लागले. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी इंडियानातल्या शॅनन वॉट्स नावाच्या पाच मुलांच्या आईनं हे सुरू केलं. फोटोत माझ्या अंगात दिसतो तो लाल टीशर्ट ह्यांचाच. ऑफिसचा नव्हे.

आम्ही काय करतो? बहुतेक वेळ एक टेबल मांडून बसतो. लायब्ररीत, शाळेच्या जत्रेत. टेबलावर कुलपं असतात. बाबांच्या सायकलला होती तशी, प्लास्टिकचं वेष्टण घातलेली तार आणि टोकाला छोटं कुलूप. गोळी जिथून आत सरकते तिथून तार ओवून कुलूप लावलं की बंदूक मिटत नाही, म्हणजे उडतही नाही. मी ते आता डोळे मिटून लावते. लोक थबकतात, एखादं कुलूप मुकाट्यानं खिशात घालून जातात.

अर्णवला कुणाकडे खेळायला पाठवायचं तर आधी विचारायचं, "घरात बंदूक आहे का? कुलपात आहे का?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. वाटलं, ही बाई म्हणेल, माझ्या घरात डोकावणारी तू कोण? ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "आहे. उशाजवळच्या खणात." दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडून कुलूप घेऊन गेली. २०२० मध्ये ह्या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंत बंदुकीनं रस्त्यावरच्या अपघातांनाही मागे टाकलं, आई. आणि तो खण उशाजवळ होता.

कुणी अंगावर येईल अशी भीती बाळगू नका. एकटी कुठंच जात नाही मी, आणि आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी बंदुका आहेत. १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की इथं काही शाळांना सुट्टी असते. कुणाची बंदूक काढून घ्यायला आम्ही जात नाही. मुलाच्या हाती लागू नये, एवढंच. मिशिगनमध्ये आता तसा कायदाही आहे. घरात मूल असेल तर बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाही तर रिकामी करून तिला कुलूप लावायचं. १३ फेब्रुवारी २०२४ पासून, ईस्ट लान्सिंगच्या त्या रात्रीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवसापासून.

त्या कायद्यासाठी आम्ही लान्सिंगच्या विधिमंडळात खेपा घालत होतो. खालच्या सभागृहात तेव्हा डेमोक्रॅट ५६, रिपब्लिकन ५४ असं बळ होतं. एकेका आमदारासाठी जीव टांगणीला. तिथं आधी पत्ता विचारतात, मग "तुम्ही आमच्या मतदार का?" मी म्हणायचे, राहते इथंच, कर भरते, मूल इथल्या शाळेत आहे. मत नाही. समोरचा माणूस सौजन्यानं वागायचा, पण लिहिता लिहिता थांबायचा.

आई, दारूचं दुकान बंद करायचं ते आडव्या बाटलीचं मतदान आठवतं? आलेल्यांतल्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवी होती. मी नववीत होते, यादी धरून तुझ्या मागे उन्हातान्हात हिंडत होते. तू दारोदार सांगायचीस, "घरी बसलेली बाई दुकानदारालाच मत देते गं." शकुआजीला खुर्चीसकट उचलून नेलं होतं तुम्ही. लान्सिंगच्या त्या ऑफिसात मला दर वेळी ते आठवायचं. ती घरी बसलेली बाई मीच होते. नोव्हेंबरात पहिल्यांदा मत देईन.

तुझ्यामुळे झालं असं म्हणत नाही, उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस.

आता ऐका. बाबा, रक्त पातळ व्हायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, "बरं वाटतंय" म्हणून तर नाहीच. टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, त्यासाठी दादाला सांगून माणूस लावलाय. आई, न्हाणीघरात दांडी बसवलीय ती टॉवेल वाळत घालायला नाही. धरून उठायचं.

एक राहिलं. आपला पासपोर्ट जमा करावा लागतो, रद्दचा शिक्का मारून परत देतात. पाठवायच्या आदल्या रात्री मी तो चाळत बसले होते. शेवटच्या पानावर बाबांचं नाव, त्याखाली आईचं. इथल्या पासपोर्टात तसं पानच नाही. परत आला की डिसेंबरात येताना घेऊन येईन. लोखंडी कपाटात, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या पिशवीत जागा करून ठेवा.

वाचून झालं की फोन करा. कितीही वाजू देत इथं. आणि बाबांनी करायचा.

तुमची,
मनू