हाम स्टेशनवरच्या त्या ताईंचे आभार

आईबाबांची बर्लिनहून येणारी आयसीई (जर्मनीतली वेगवान रेल्वेगाडी) हामला दुभागणार होती: एक भाग वुपरटालमार्गे कोलोनला, दुसरा एसेनवरून ड्युसेलडोर्फला. आईबाबांना जायचं ड्युसेलडोर्फला, आरक्षण ३५ नंबरच्या डब्यात, आणि बसले २५मध्ये, म्हणजे कोलोनच्या भागात. जोडलेल्या दोन गाड्यांत आतून जाता येत नाही, फलाटावर उतरावंच लागतं.

समोरच्या ताईंनी तिकीट पाहिलं. "चुकीचा भाग." बस, एवढंच. जर्मन बोलणं असं आधी तुटक वाटतं. पण हाम यायच्या आधीच त्यांनी दोन्ही बॅगा दाराशी नेल्या, फलाटावर आईच्या चालीने चालल्या, पायरीवर तिच्या कोपराला हात दिला, बॅगा चढवल्या आणि स्वतःच्या डब्याकडे पळाल्या. नाव विचारायचं राहिलंच. ताई, मनापासून आभार.