विनोदी नटांच्या यादीत ओमप्रकाश कुठाय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हिंदी सिनेमातल्या विनोदी नटांवर लेख आला होता तो वाचला. लेख चांगला आहे, जॉनी वॉकर, मेहमूद, असरानी, जॉनी लिव्हर, परेश रावल सगळे आलेत, फोटोही मस्त निवडलेत, आणि आमच्या घरी तो दोनदा वाचून झाला, एकदा मी वाचला आणि एकदा बाबांनी भिंग घेऊन. वाचून झाल्यावर बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "ओमप्रकाश कुठाय यात?" मी पहिल्या ओळीपासून परत बघितलं. खरंच नाहीये. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

लेखात प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचा एकेक गाजलेला डायलॉग छापलाय. मला वाटतं गडबड तिथेच झाली. डायलॉगवर मोजायला बसलं की बोलणाराच मोठा दिसणार, ऐकणारा आपोआप यादीतून गळणार. आणि हिंदी सिनेमात आपण पोट धरून हसलोय ते निम्म्या वेळा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसलोय, हे मी माझ्या डोक्याने शोधून काढलेलं नाही, मला ते बाबांमुळे कळलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं नोकरी. (जॉनी वॉकरसुद्धा आधी मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर होता, खरं नाव बदरुद्दीन काझी, हे सांगताना बाबांची मान अजून ताठ होते.) रिटायर झाल्यावर हळूहळू त्यांना ऐकू यायचं कमी झालं, आता मशीन लावूनही फार कळत नाही आणि ते मशीन त्यांना आवडतही नाही, काढून डब्यात ठेवतात. पण सिनेमा बघणं काही सोडलं नाही. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून एकटे बघत बसतात, कारण आवाज असला काय नसला काय त्यांना सारखंच. तर एक दिवस दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर बाबा एकटेच खो खो हसत होते, इतके की मी हात पुसत पळत आले. टीव्हीवर 'प्यार किये जा' लागला होता, तो १९६६ सालचा, आणि त्यातला तो सीन चालला होता, मेहमूद ओमप्रकाशला भुताची गोष्ट ऐकवतो तो.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेहमूदला सिनेमा काढायचाय, 'वाह वाह प्रॉडक्शन्स' नावाची कंपनीही काढलीय, पैसे मात्र बापाकडून हवेत, आणि बाप म्हणजे ओमप्रकाश. मग तो बापाला आपल्या हॉरर पिक्चरची स्टोरी ऐकवायला बसतो. दाराची करकर, पावलांचा आवाज, सगळं तोंडानेच काढतो. आवाज चालू असला की आपण मेहमूदकडे बघतो, कारण तो कमालच करतो, त्यात वाद नाही. पण त्या दिवशी आवाज बंद होता आणि मी बाबांच्या शेजारी उभी राहून पहिल्यांदाच ओमप्रकाशकडे नीट बघितलं. सुरुवातीला हा माणूस कंटाळलेला आहे, पोराची कटकट ऐकून घेतोय एवढंच. मग कान टवकारतो. मग डोळे थोडे मोठे होतात, पण आपण घाबरलोय हे पोराला कळू नये म्हणून चेहरा सावरतो, परत घाबरतो, परत सावरतो, आवंढा गिळतो, आणि शेवटी श्रीमंत बाप, घरचा मालक, सगळं बाजूला राहून नुसतं एक भेदरलेलं लहान पोर उरतं. एवढं सगळं होताना तो बोलतो किती, तर जवळजवळ काहीच नाही! आणि तरीही एक अख्खी गोष्ट माझ्या बाबांना आवाजाशिवाय समजली.

हा सीन मूळचा तमिळ आहे हेही सांगायला पाहिजे. दिग्दर्शक श्रीधर यांचा १९६४ चा 'कादलिक्क नेरमिल्लै' हा सिनेमा, त्यात नागेश गोष्ट सांगतो आणि बालैया ऐकतो, आणि तिकडचे लोक आजही त्या दोघांची नावं जोडीनेच घेतात असं मला चेन्नईला राहणाऱ्या माझ्या नणंदेने सांगितलं. आपल्याकडे काय झालं? फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तो १९६७ ला, आणि पहिलाच पुरस्कार याच सिनेमासाठी मेहमूदला दिला. मिळायलाच हवा होता. ओमप्रकाशला त्याच्या पुढच्या वर्षी 'दस लाख'साठी मिळाला, म्हणजे अगदीच दुर्लक्ष झालं असं म्हणता येणार नाही, पण या सीनचं नाव निघालं की लोक मेहमूदचा सीन म्हणतात. तो दोघांचा सीन आहे.

आणि गंमत बघा, हा ओमप्रकाश मूळचा लाहोर रेडिओवरचा माणूस. तिथे फत्तेदीन या नावाने त्याचा कार्यक्रम चालायचा आणि लोक त्याला त्या नावाने ओळखायचे. म्हणजे ज्याने आयुष्याची सुरुवात नुसत्या आवाजावर केली त्याने पुढे न बोलता लोकांना हसवलं. 'चुपके चुपके'मधले जिजाजी आठवा, १९७५ चा. शुद्ध हिंदीचा हट्ट धरलेला ड्रायव्हर धर्मेंद्र गाडी चालवताना त्यांना छळतोय, आणि मागच्या सीटवर ओमप्रकाशला ते पटतही नाही आणि हाकलताही येत नाही, कारण आपल्याला चांगलं हिंदी बोलणारा ड्रायव्हर पाहिजे हे त्यानेच सांगितलेलं. धर्मेंद्रचं कौतुक सगळे करतात, मीही करते. पण मागच्या सीटवर दुसरा कुणी असता तर ते हिंदी नुसतंच पाठ केलेलं वाटलं असतं.

बाबांचं एक म्हणणं आहे. ते म्हणतात गर्दीच्या गाडीत तिकीट कुणी काढलेलं नाही हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, कारण तसा माणूस कंडक्टरकडे बघायचं टाळतो आणि टाळतोय हे दिसू नये म्हणून मध्येच एकदा मुद्दाम बघतो. 'गोलमाल'मधला उत्पल दत्त बघताना ते मला हाताने दाखवतात, "बघ बघ, आता ह्याला शंका आली. आता ह्याने ती गिळली." आणि खरंच तसं आहे हो! हॉकीच्या मॅचला दिसलेला पोरगा आपला रामप्रसाद नव्हता, त्याचा बिनमिशीचा जुळा भाऊ होता, ही थाप रामप्रसाद झालेला अमोल पालेकर आपल्या साहेबाला मारत असतो तेव्हा त्या साहेबाच्या, म्हणजे उत्पल दत्तच्या भवानीशंकरच्या, चेहऱ्यावर आधी संशय येतो, मग आपण या सज्जन मुलावर संशय घेतला याची लाज, मग एकदम मायाच. हे सगळं काही सेकंदांत. बंगालच्या रंगभूमीवर राजकीय नाटकं करणारा आणि त्यापायी तुरुंगात गेलेला हा नट, त्याला मिशीवर विश्वास ठेवणारा म्हातारा करायला लाज वाटली नाही. त्याचा भवानीशंकर मूर्ख नाहीये, त्याची काही तत्त्वं आहेत आणि त्या तत्त्वांपायी तो फसतोय, म्हणून आपण त्याला हसतो आणि तो आपल्याला आवडतोसुद्धा.

आता जरा आपल्या माणसांबद्दल. पुरवणीत मेहमूदवर अर्धं पान आहे आणि त्यात धुमाळांचा उल्लेख नाही, शुभा खोटेंचाही नाही, हे मला लागलं. मराठी पेपर आहे म्हणून जास्तच लागलं. 'ससुराल', 'दिल तेरा दीवाना', 'ज़िद्दी', ६० च्या दशकातल्या या सिनेमांमध्ये मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ हे त्रिकूट होतं, लोक ते तिघं आहेत म्हणून तिकीट काढायचे असं आमच्या आईच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. मेहमूद उड्या मारणार, शुभाताई त्याला तोडीस तोड उत्तर देणार, आणि मध्ये धुमाळ, बहुतेक वेळा शुभाताईंचा बाप, चिडलेला, संशयी, धोतर सावरत. तो चिडत नसता तर मेहमूदने खोड्या काढायच्या कुणाच्या? अनंत बळवंत धुमाळ, मराठी रंगभूमीवरून हिंदीत गेलेला माणूस, आणि आज नवीन पिढीला आडनावसुद्धा माहीत नाही. शुभाताईंचं तर विशेषच आहे, नायिकेची मैत्रीण म्हणून नुसतं लाजायचं सोडून त्या हिरोच्या मित्राच्या बरोबरीने पडायच्या, पळायच्या, तोंडं वेडीवाकडी करायच्या, आणि त्या काळात एका मराठी घरातल्या मुलीने हे करणं सोपं नव्हतं. लहानपणी त्या सायकलिंगच्या चॅम्पियन होत्या, 'सीमा'मध्ये १९५५ साली त्यांची सायकल बघा म्हणजे कळेल. त्यांचे भाऊ विजू खोटे 'शोले'मधला कालिया म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. तोही बघा, गब्बरसमोर उभा राहून ऐकणाराच.

मुक्रीचं नाव मी नुसतं घेऊन पुढे जाते. 'अमर अकबर अँथनी'त आख्खं गाणं तय्यब अलीच्या नावाचं आहे, गातोय ऋषी कपूर, आणि मुक्रीने करायचं काय तर फक्त संतापायचं. एवढासा माणूस आणि एवढा मोठा संताप, गाणं तिथेच जिंकलं.

जॉनी वॉकरबद्दल लेखात 'प्यासा'च्या चंपीचं लिहिलंय ते योग्यच, पण मी 'आनंद'चं नाव घेतलं असतं, १९७१ चा. राजेश खन्ना रस्त्यात भेटेल त्याला मुरारीलाल म्हणून पाठीत थाप मारत असतो, लोक चिडतात, निघून जातात, आणि एकटा ईसाभाई सूरतवाला, म्हणजे जॉनी वॉकर, न चिडता त्यालाच जयचंद म्हणून मिठीत घेतो. अनोळखी माणसाचा खेळ एका क्षणात ओळखून त्यात उतरायचं म्हणजे आधी समोरच्याचं नीट ऐकावं लागतं. ज्याने इतकी वर्षं सगळ्यांना बोलून हसवलं त्याने ही छोटी भूमिका ऐकून केली. आमच्या घरी शेवटी शेवटी ईसाभाईच रडवतो.

गेल्या वर्षी दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५ ला असरानी गेले आणि पाचच दिवसांनी सतीश शाह गेले. आठवडाभर सगळीकडे अंग्रेजों के ज़माने का जेलर. असरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, तिथे शिकवलं, शेकडो सिनेमे केले, सगळं त्या एका वाक्यात बसवलं लोकांनी. सतीश शाहच्या वाट्याला तर 'जाने भी दो यारो'मध्ये निम्मा सिनेमा प्रेतच आलं, १९८३ साली. पापणी हलवायची नाही, कुणी खांद्यावर टाकतंय, कुणी चाकांवर ढकलतंय, शेवटी द्रौपदी करून साडी नेसवतायत, आणि कमिश्नर डिमेलो शांत. मला विचाराल तर ते सगळ्यात अवघड काम आहे, आजूबाजूला सगळे धुमाकूळ घालत असताना आपण हसायचं नाही आणि काही करायचंही नाही. त्याला डायलॉग कुठला छापणार?

लक्ष्याबद्दल मात्र मन दुखतं. मराठीत जो एकटा सिनेमा खेचून न्यायचा त्याला हिंदीने 'मैंने प्यार किया'पासून खांद्यावर टॉवेल देऊन नोकरच केला. त्याने त्यातही जीव ओतला, 'हम आपके हैं कौन'चा लल्लू बघा, पण मिळायला हवं होतं त्याच्या निम्मंही मिळालं नाही. अशोकमामांना 'करण अर्जुन'चा मुनशी तरी मिळाला, अमरीश पुरीसारख्या माणसाच्या बाजूला उभं राहून लक्ष आपल्याकडे खेचून घेतलं त्यांनी.

तर विनंती एवढीच आहे. या लेखाचा दुसरा भाग काढा. ओमप्रकाश, धुमाळ, शुभा खोटे, मुक्री, यांच्यावर लिहा, आणि फोटो डायलॉग मारतानाचे नकोत, दुसरा कुणी बोलत असताना यांचे चेहरे कसे आहेत ते छापा. 'प्यार किये जा'चा तो सीन शोधलात तर चांगला फोटो मिळेल, दोघंही एका चौकटीत असलेला निवडा. आणि जमलं तर फोटो थोडा मोठा छापा, बाबा आता ८३ वर्षांचे आहेत, भिंगातून त्यांना एका वेळी एकच चेहरा दिसतो.

आपली नियमित वाचक,
मिरज