मुक्तास, कॅप्सूल गिळण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहिते. गॅस्ट्रोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही स्वच्छ, तरी हिमोग्लोबिन उतरतंय, तेव्हा लहान आतडं बघायचं हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. नेहमीच्या दुर्बिणी त्याच्या दोन टोकांपाशीच थांबतात, मधला कित्येक मीटरचा भाग तसाच राहतो.

"एक गोळी गिळायची, झालं," म्हणालीस. ही इवल्या कॅमेऱ्याची कॅप्सूल सोपीच आहे. आमच्या विभागात डबीतून काढली की हातातच लुकलुकायला लागायची. जेमतेम 26 मिलिमीटर लांब, भूल नको, कमरेला रेकॉर्डर बांधला की हजारो फोटो. पण ती आतडं नेईल तशी जाते. संशयाच्या जागी थांबवता येत नाही, तपासणीसाठी तुकडा घेता येत नाही. आणि वाट अरुंद असेल तर अडकते. पाठदुखीच्या गोळ्यांचं सांगितलंस ना त्यांना? त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की लहान आतड्यात व्रण होतात, आणि ते भरताना पडद्यासारखे अडसर तयार होऊ शकतात. सीटीतही ते निसटतात. जेवणानंतर पोटात कळ येते म्हणालीस, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

दुसरी पद्धत फुग्यांची. जपानच्या यामामोतोंनी 2001 मध्ये ती मांडली. एक फुगा दुर्बिणीच्या टोकाला, एक बाहेरच्या नळीला. आळीपाळीने फुगवून मागे ओढलं की आतडं बाहीसारखं नळीवर गोळा होतं. तुकडा घेता येतो, रक्तस्राव तिथल्या तिथे थांबवता येतो. एकाच फुग्याची पद्धत सुटसुटीत, पण अख्खं आतडं पार करण्यात दोन फुग्यांची सरस. मात्र भूल लागते, वेळ जातो, क्वचित आतड्याला छिद्र पडतं किंवा स्वादुपिंडाला सूज येते. म्हणून आधी कॅप्सूल हेच बरोबर. फुगे तोंडाकडून न्यायचे की खालून, तेही तीच सांगते. फक्त तुझ्या बाबतीत त्याआधी विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतील का, विचार. ती अडकली तरी आपोआप विरते.

पुन्हा व्याख्यान झालं, रागावू नकोस. तापाची गोळी गालात दडवून ठेवणारी तू, आणि आता एवढा थकवा अंगावर काढून प्रबंध पुरा केलास. अभिमान वाटतो गं. पण नंदूमामाचं झाल्यापासून "काही नाही, बरी आहे" यावर माझा विश्वास बसत नाही.

गोळ्यांची नावं कागदावर लिहून ने. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. तारीख ठरली की कळव, मी येतेय. बाबांना अडकण्याचं काही बोलू नकोस.

तुझी,
आई